क्राफ्टवर्कचं 'एक्स्पो २०००': तेरा वर्षं वाट बघून हेच मिळायचं होतं का?

तारयंत्र

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड म्हणजे माझ्यासाठी नुसता आवडता बँड नाहीये, गाणं कसं ऐकायचं हे मला त्यांनी शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. गेले काही दिवस त्यांचे सगळे अल्बम क्रमानं ऐकायला घेतले होते, १९७४ च्या 'ऑटोबान'पासून सुरुवात, रोज रात्री एक, हेडफोन लावून, मधे फोनला हात न लावता. 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' झाला, 'मॅन मशीन' झाला, 'कॉम्प्युटर वर्ल्ड'च्या रात्री तर झोपच लागली नाही, आणि मग सगळं पार करून 'एक्स्पो २०००' वर आलो आणि तोच जुना चटका पुन्हा बसला, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बसला होता तोच.

ज्यांना मागचं पुढचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८६ ला 'इलेक्ट्रिक कॅफे' आला, त्यानंतर १९९१ चा 'द मिक्स', पण त्यात जुनीच गाणी नव्यानं केलेली होती. मधल्या काळात वादक वोल्फगांग फ्ल्यूर बँड सोडून गेला, मग कार्ल बार्टोसनंही बँड सोडला. नवं गाणं म्हणून काही नाहीच. आणि मग डिसेंबर १९९९ मध्ये हे सिंगल, म्हणजे तेरा वर्षांनी पहिलं नवं गाणं, आणि ते कशासाठी तर जर्मनीतल्या हानोव्हरला २००० साली जे जागतिक प्रदर्शन भरलं त्याच्यासाठी. आधी त्यांनी प्रदर्शनाची जिंगल करून दिली, काही सेकंदांची, यंत्राच्या आवाजात प्रदर्शनाचं नाव वेगवेगळ्या भाषांत, आणि मग त्याच जिंगलचं हे गाणं झालं.

आता माझं दुखणं काय ते सांगतो. आवाज वाईट नाहीये. आवाज स्वच्छ आहे, बेस गोल आहे, मागे ते थंड तंतुवाद्यांसारखे सूर पसरलेत, त्यांच्या स्वतःच्या क्लिंग क्लांग स्टुडिओतून बाहेर पडलेली गोष्ट आहे हे दोन सेकंदांत कळतं. पण 'ऑटोबान'ची सुरुवात आठवा. गाडीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं, हॉर्न वाजतो, गाडी निघून जाते, आणि मग ते व्होकोडरमधलं, म्हणजे माणसाचं बोलणं यंत्राच्या आवाजात करणाऱ्या उपकरणातलं, नाव. गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही गाडीत बसलेले असता. १९८३ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये माणसाचा श्वास ऐकू येतो, धाप लागलेला श्वास, तोच ताल होतो. 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'मध्ये रूळ ऐकू येतात. म्हणजे हे लोक आधी एखाद्या वस्तूजवळ कान नेऊन बसायचे आणि मग गाणं करायचे. 'एक्स्पो २०००' मध्ये कुठली वस्तू ऐकू येते? मी परवा तीनदा लागोपाठ ऐकलं फक्त एवढ्यासाठी, की कुठेतरी काहीतरी सापडेल, गर्दीचा आवाज, सरकता जिना, काहीही. मला नाही सापडलं. मला ऐकू आलं ते प्रदर्शनाचं नाव आणि त्यांचं अधिकृत ब्रीद, माणूस निसर्ग तंत्रज्ञान, जसंच्या तसं. ज्यांनी आयुष्यभर ऐकून गाणी केली त्यांनी इथे नुसती घोषणा केली असं वाटलं, आणि वाईट वाटतं ते याचं.

तर प्रश्न असा की माझ्याकडून काही ऐकायचं राहतंय का? कोणाला हे गाणं मनापासून आवडतं का आणि का? आणि सिंगलवर जे वेगवेगळे मिक्स आहेत त्यातला कुठला ऐकावा?

निऑन

मला आवडतं. मनापासून. आणि का ते सांगते कारण तू विचारलंयस आणि चांगल्या मनानं विचारलंयस.

माझं क्राफ्टवर्कशी नातं उलट्या टोकाकडून सुरू झालं, मी आधी हे ऐकलं आणि नंतर मागे मागे जात 'ऑटोबान'पर्यंत पोचले, त्यामुळे मी तेरा वर्षं कशाचीच वाट बघितलेली नव्हती. तुला ज्याच्यात पोकळपणा वाटतो त्यात मला मोकळी जागा वाटली. घाई नाही, दोन सुरांच्या मधे हवा आहे, आणि तो व्होकोडर इतका मऊ आहे की शब्द म्हणतोय की श्वास सोडतोय कळत नाही. रेडिओ मिक्सवर मत बनवू नकोस प्लीज. त्याच सिंगलवर तीन क्लिंग क्लांग मिक्स आहेत, २०००, २००१ आणि २००२ अशी नावं आहेत त्यांना, ते सलग ऐक. रेडिओ मिक्समध्ये नाव सारखं सारखं कानावर येतं ते मलाही खटकतं, पण लांब मिक्समध्ये शब्द मागे जातात आणि बेस पुढे येतो आणि मग ते कुठल्या प्रदर्शनाचं गाणं आहे हे मी तरी विसरून जाते.

आणि एक सांगू का, घोषणेचं म्हणशील तर 'पॉकेट कॅल्क्युलेटर'मध्ये तरी काय आहे, बेरीज करतो वजाबाकी करतो हेच तर आहे, ते तुला चालतं ना?

तारयंत्र

@निऑन चालतं, आणि चालण्याचं कारण आहे. त्या गाण्यात एक माणूस आहे, हातात छोटं यंत्र घेऊन बसलेला, बटण दाबलं की सूर वाजतो म्हणून हरखून गेलेला. त्याचा आनंद खरा आहे. इथे तो माणूस कोण आहे ते मला दिसत नाहीये. पण क्लिंग क्लांग मिक्स मी घाईत ऐकले होते हे कबूल, आज रात्री सलग ऐकतो.

सोळा_स्टेप

मी थोडं बनवण्याच्या अंगानं बोलतो, घरी सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य) आणि सीक्वेन्सर (सूर ठरवून परत परत वाजवणारं यंत्र) घेऊन बसतो म्हणून, पंडित नाहीये.

जिंगल आणि गाणं यांची जात वेगळी असते. जिंगलला चार-पाच सेकंदांत यायचं असतं, ओळख द्यायची असते आणि दार लावून निघून जायचं असतं. ती धून स्वतःतच पूर्ण होते, तिला पुढे कुठे जायचं नसतं. आता 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची ती धून आठव, पायरी पायरीनं वर चढते आणि वर जाऊन लटकून राहते, संपतच नाही, म्हणून तुम्ही पुढच्या फेरीची वाट बघता, म्हणून सहा-सात मिनिटं ती चालते आणि कंटाळा येत नाही. त्या धुनेत एवढी जागा होती की १९८२ मध्ये न्यूयॉर्कला हिप-हॉप डीजे आफ्रिका बंबाटानं ती उचलली, खाली क्राफ्टवर्कच्याच 'नंबर्स' या गाण्याच्या धर्तीचा ताल घातला आणि त्यातून एक अख्खा प्रकार उभा राहिला. दुसऱ्याला आत येऊन राहता येईल अशी ती धून होती.

जिंगल ताणून गाणं करायला गेलं की मग काय करणार, एक तर ती परत परत म्हणायची, नाहीतर तिच्या आजूबाजूला सामान भरायचं. इथे दोन्ही केलंय आणि अतिशय निगुतीनं केलंय, पण मूळ बी छोटं आहे. त्यामुळे तारयंत्र दादा तुम्हाला जे वाटतंय ते खरंय, फक्त मी त्याला मन नव्हतं असं नाही म्हणणार, मला वाटतं सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली.

अजून एक. व्होकोडर काय करतो, तर बोलण्याचा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत तोडतो, कुठल्या पट्टीत किती जोर आहे ते मोजतो आणि तोच जोर सिंथच्या सुरावर चढवतो. म्हणजे सूर सिंथचा आणि तोंड माणसाचं. पण जुन्या गाण्यांत व्होकोडरच्या शेजारी बँडचा गायक राल्फ ह्यूटरचा साधा उघडा आवाज असायचा, 'निऑन लाइट्स' घ्या, 'कॉम्प्युटर लव्ह' घ्या, फार सुरेल गाणारा माणूस नाही तो, सपाट म्हणतो, थोडासा लाजत म्हणतो, आणि त्या लाजण्यानंच पोटात कालवतं. यंत्राच्या बाजूला माणूस उभा असला की यंत्र यंत्र वाटतं. 'एक्स्पो'मध्ये तो साधा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. माझं तिथे तुटतं.

बेसलाइन_वाला

सोळा_स्टेप नी लिहिलंय ते एक नंबर, पण कोणी बार्टोसचं नाव जोरात का घेत नाही? 'मॅन मशीन' आणि 'कॉम्प्युटर वर्ल्ड'ची श्रेयनामावली उघडून बघा, गाण्या-गाण्यावर त्याचं नाव आहे. शास्त्रीय तालवाद्य शिकलेला माणूस होता तो, ताल आणि धून दोन्ही त्याच्या हातात होतं, तो गेल्यावर बँडच्या संगीताला गळती लागली असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तर येऊ दे. बँड सुरू करणारे फ्लोरियान श्नायडर आणि ह्यूटर कल्पनेचे राजे, पण कल्पनेला गुणगुणण्यासारखं करणारा माणूस बार्टोस होता आणि 'एक्स्पो' ऐकून झाल्यावर मला काही गुणगुणावंसं वाटत नाही, एवढंच.

मध्यरात्र_रेडिओ

बार्टोसबद्दल आदर आहेच पण सगळं एका माणसाच्या जाण्यावर टाकू नका. 'ऑटोबान' आणि 'रेडिओॲक्टिव्हिटी' ही गाणी केली तेव्हा बार्टोसचं लेखनात नाव नव्हतंच की. त्यामुळे ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

मला तारयंत्रच्या मुद्द्याचं दुसरं टोक धरायचंय, ते म्हणजे अंतर. 'कॉम्प्युटर वर्ल्ड' १९८१ चा आहे. जर्मन शब्द ऐका त्याचे. इंटरपोल, डॉइचे बँक, एफबीआय, स्कॉटलंड यार्ड अशी नावं येतात, आणि जर्मन आवृत्तीत तर फ्लेन्सबुर्ग आणि बीकेए सुद्धा, म्हणजे जिथे गाडी चालवणाऱ्यांच्या नोंदी ठेवतात ते शहर आणि त्यांचं केंद्रीय गुन्हे शाखेचं खातं, आणि या सगळ्यांकडे आपली माहिती जमा आहे असं शांतपणे सांगून गाणं पुढे जातं. आरडाओरडा नाही, उपदेश नाही. सूर इतका गोड आहे की तुम्ही मान डोलावत असता आणि मग तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना कळतं की हे काय सांगून गेले. १९८१ मध्ये! संगणकावर प्रेमही आहे आणि त्याच्यापासून दोन पावलं मागे उभं राहून बघणंही आहे, दोन्ही एकाच ओळीत.

आणि ही माणसं मत बदलायला घाबरायची नाहीत. १९७५ ची 'रेडिओॲक्टिव्हिटी' दोन्हीकडे बघणारी होती, किरणोत्सर्ग आणि रेडिओ, कुठली बाजू घेतलीय कळायचं नाही. १९९१ ला 'द मिक्स'मध्ये त्यांनी तिच्यात चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा अशी नावं घातली आणि थांबवा असं सरळ म्हटलं. हे धाडस ज्यांच्यात होतं तेच लोक आठ वर्षांनी प्रदर्शनाचं ब्रीद घेऊन उभे राहतात तेव्हा मला जे वाटतं त्याला निराशा हा शब्द कमी पडतो. ज्यांच्याकडून काम घेतलं त्यांच्यापासून मागे सरकून त्यांच्याकडे बघायला जागाच उरली नाही.

पैशांवरून तेव्हा जर्मनीत बराच गदारोळ झाला होता, चार लाख मार्क घेतले त्या जिंगलचे, काही सेकंदांसाठी एवढे कशाला म्हणून लोक चिडले. मला पैशांचं काही वाटत नाही. कामाचे पैसे घ्यावेत. ज्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांना आवाज पुरवले त्यांना चार लाख मार्क मिळाले तर मला आनंदच आहे. प्रदर्शनाचं पुढे काय झालं तर १ जून ते ३१ ऑक्टोबर चाललं, चार कोटी लोक येतील असा अंदाज होता, आले साधारण एक कोटी ऐंशी लाख. म्हणजे ज्या उद्याच्या जगाची घोषणा त्या गाण्यात होती त्याला बघायला निम्मे लोक सुद्धा आले नाहीत. प्रदर्शन गुंडाळलं गेलं, आणि मग फक्त नाव घेणारं गाणं मागे उरलं. रेल्वे बंद झाली तरी 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' राहतं, कारण त्यात प्रवास आहे.

निऑन

@मध्यरात्र_रेडिओ शेवटचं पटलं. म्हणजे गाणं मला अजूनही आवडतं, पण हे पटलं.

सहप्रवासी

सगळे सिंगलवरच अडकलात, पुढची गोष्ट कोणीच सांगत नाहीये म्हणून मी सांगतो, आणि ती सांगितल्याशिवाय या गाण्याचा हिशोब पूर्ण होत नाही असं मला वाटतं.

२००० मध्येच त्याचा रिमिक्सचा संच निघाला, 'एक्स्पो रिमिक्स' नावाचा. त्यात ऑर्बिटल आहेत, फ्रांस्वा के. आणि रॉब राइव्ह्ज आहेत, डीजे रोलांडो आहे आणि अंडरग्राउंड रेझिस्टन्स हा टेक्नो गट आहे. शेवटचे दोघं डेट्रॉइटचे. हे काय झालं बघा. ७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक रात्री क्राफ्टवर्क लावायचा, मोटार कारखान्यांचं शहर, कारखाने बंद पडत चाललेले, आणि तिथली कृष्णवर्णीय पोरं ते ऐकून वेडी झाली, त्यांच्यातून टेक्नो जन्माला आलं. वीस वर्षांनी त्याच शहरातली माणसं क्राफ्टवर्कचं एक अशक्त गाणं हातात घेतात आणि त्याला कणा देतात. अंडरग्राउंड रेझिस्टन्सचं मिक्स लावा. खालचा ताल येतो तिथेच कळतं की हे लोक मागणीवर घोषणा करणारे नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. क्राफ्टवर्कनी ते परत घेतलं! स्टेजवर हे गाणं 'प्लॅनेट ऑफ व्हिजन्स' या नावानं वाजवायला लागले, प्रदर्शनाचं नाव मथळ्यातून गेलं, आणि उत्तरार्धात त्या रिमिक्सची छाप स्पष्ट आहे, डेट्रॉइटचं नाव घेतात ते जर्मनीच्या जोडीला. २००५ च्या 'मिनिमम-मॅक्सिमम' या लाइव्ह अल्बममध्ये आहे. तारयंत्र, तू विचारत होतास ना माणूस कुठे आहे, वस्तू कुठे आहे. माझ्या मते ती तिथे आहे. शिक्षकानं शिष्याकडून आलेलं हातात घेऊन वाजवणं, आणि नाव घेऊन वाजवणं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो.

आणि २००३ चा 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स' ऐकलास का नीट? तोही निमित्ताचाच अल्बम, त्या सायकल शर्यतीला शंभर वर्षं झाली म्हणून. शर्यत जुलैत आणि अल्बम ऑगस्टमध्ये आला, पण त्यात परत श्वास आहे, हृदयाचे ठोके आहेत, शरीर आहे. निमित्त वाईट नसतं रे, ह्यूटर स्वतः सायकलवेडा, म्हणून तिथे कान लावायला जागा होती.

सोळा_स्टेप

@सहप्रवासी हा मुद्दा भारी आहे. म्हणजे धूनच बदलली नाही त्यांनी, खालचा ताल बदलला आणि तेवढ्यानं तीच जिंगल उघडली. मी आज रात्री दोन्ही शेजारी शेजारी लावून बघणार, बेस कुठल्या ठोक्यावर पडतो ते बघायचंय.

तारयंत्र

मंडळी, दोन रात्री गेल्या यात, म्हणून उशीर झाला.

आधी निऑनचं. तिन्ही क्लिंग क्लांग मिक्स सलग ऐकले, दिवा बंद करून. तुझं म्हणणं खरं आहे, हवा आहे त्यात, आणि एका जागी शब्द मागे सरतात आणि फक्त बेस आणि ते लांब सूर उरतात तिथे मी नकळत डोळे मिटले होते. तेवढं मला आधी ऐकू आलं नव्हतं, माझा रागच कानात बसला होता बहुतेक. पण मग ते नाव परत येतं आणि मी बाहेर पडतो. रेडिओ मिक्स मला नाहीच आवडलं आणि आवडणार नाही.

मग 'मिनिमम-मॅक्सिमम'वरचं. हा अल्बम माझ्याकडे होता आणि हे गाणं मी दर वेळी पुढे ढकलायचो, चीड होती म्हणून, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. परवा पूर्ण ऐकलं. पहिला अर्धा भाग ऐकताना मन घट्टच होतं, तेच शब्द, तेच ब्रीद. मग ताल बदलतो आणि ते डेट्रॉइटचं नाव येतं, आणि लोक ओरडतात, माझ्या अंगावर काटा आला. सहप्रवासी, तू म्हणतोस तसा उठून उभा नाही राहिलो, पण गाणं संपल्यावर तिथूनच मागे नेलं आणि फक्त तो भाग चार वेळा ऐकला.

मध्यरात्र_रेडिओचं पण डोक्यातून जात नाहीये, ते अंतराचं. चौथ्या वेळी ऐकताना असं वाटलं की अंतर असलं तर ते इथे आहे, स्वतःच्या गाण्यापासूनचं अंतर, दुसऱ्याच्या हातातून परत आल्यावर मिळालेलं. फ्लोरियान श्नायडर त्या दौऱ्यात स्टेजवर होता, पुढे २००८ नंतर तो बँडमध्ये राहिला नाही आणि २०२० ला तो गेलाच. तो चारांपैकी एक होऊन उभा आहे, हलत नाही, आणि ते डेट्रॉइटचं वाजतंय असं डोळ्यासमोर आलं आणि पाचव्यांदा लावायचा धीर झाला नाही.

आज रात्री 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स'. सोळा_स्टेप, बेस कुठल्या ठोक्यावर पडतो ते सापडलं तर इथे लिही, मला ते नीट समजून घ्यायचंय.